लाइट गेली, दारात हायब्रिड गाडी उभी आहे: घराला वीज देता येईल का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. 2022 पासून हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी आणि पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस अशा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोठी बॅटरी असलेल्या) गाड्या आपल्याकडे दिसू लागल्या, आणि कोकणात घर असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तोच प्रश्न आला: एवढी मोठी बॅटरी आणि इंजिन अंगणात उभं असताना आपण मेणबत्त्या का शोधायच्या?

थोडक्यात उत्तर असं की गाडीवर सगळं घर चालत नाही. घरातल्या चार वस्तू मात्र चालतात आणि घरचा इन्व्हर्टर चार्ज होतो. तेवढ्यावर समाधान मानलं तर ही सोय फार उपयोगाची आहे. त्यापलीकडे हात मारायला गेलात तर गाडी जाईल, नाहीतर एखाद्या वायरमनचा जीव.

हायब्रिड गाडीच का? साध्या गाडीवर इन्व्हर्टर चालत नाही का?

चालतो (इथे इन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या 12 व्होल्टची घरासारखी 230 व्होल्टची वीज करणारा डबा), पण इंजिन सतत सुरू ठेवावं लागतं. उभ्या गाडीचं इंजिन दोनशे वॅटसाठी तासन्‌तास फिरवणं म्हणजे पेट्रोल जाळून उष्णता काढणं. अल्टरनेटरही, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, आयडलिंगला तासन्‌तास भरपूर करंट देण्यासाठी बनवलेला नसतो.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये अल्टरनेटर नसतोच. तिथे मोठी हायब्रिड बॅटरी असते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारात ती 177.6 व्होल्टची, पाऊण युनिटच्या आसपासची लिथियम बॅटरी आहे, हायक्रॉसमध्ये 201.6 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड. या बॅटरीतून एक कन्व्हर्टर 12 व्होल्टची बाजू, म्हणजे गाडीची नेहमीची छोटी बॅटरी, भरत राहतो. मोठी बॅटरी उतरली की गाडी स्वतःच इंजिन चालू करते, थोडं भरून घेते आणि बंद होते. इंजिन चालतं तेव्हा बऱ्यापैकी लोडवर, म्हणजे किफायतीत चालतं. बाकी वेळ शांतता. रात्री अंगणातून मधूनच इंजिनाची घरघर येते, थांबते, आणि पुन्हा बेडकांचा आवाज ऐकू येतो. शेजारच्या डिझेल जनरेटरशी तुलना केलीत तर हे सुख मोठं आहे.

माझ्या एर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय. चालेल?

नाही. ती माइल्ड हायब्रिड. एर्टिगा, ब्रेझा, एक्सएल6 आणि ग्रँड व्हिटाराचं साधं व्हर्जन, सगळ्यांना हेच लागू. त्यांची जादा बॅटरी अगदी छोटी असते, तीही इंजिनाला हातभार लावण्यापुरती. घराच्या कामासाठी ही साधी पेट्रोल गाडीच समजा. मोबाइल चार्ज करा, एखादा दिवा लावा, बस.

गाडीत घरासारखं सॉकेट आहे का?

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या वरच्या मॉडेलांत घरगुती तीन पिनचं सॉकेट मिळत नाही. 12 व्होल्टचं, सिगारेट लायटरचं म्हणतात ते सॉकेट असतं. त्यावर साधारण 120 वॅट मिळतात. त्यात बसणारा छोटा इन्व्हर्टर राउटर, लॅपटॉप आणि दोन एलईडी दिवे आरामात चालवतो. खरं सांगायचं तर बऱ्याच घरांची गरज इथेच भागते. त्यात वायरिंगला हात लावावा लागत नाही, वॉरंटीची भीती नाही. आधी एवढंच करून बघा.

त्याहून जास्त हवं असेल तर किती वॅट काढता येतील?

12 व्होल्टच्या बॅटरीला थेट प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर जोडायचा. मर्यादा त्या आतल्या कन्व्हर्टरची असते. प्रायससारख्या जुन्या हायब्रिडमध्ये तो 100 अँपिअरच्या घरातला होता, म्हणजे हजार-बाराशे वॅट. त्यातलेच दोनेकशे वॅट गाडीचे कॉम्प्युटर, पंप आणि पंखे खातात. म्हणून सतत चालणारा लोड 500-600 वॅटच्या आत ठेवा. दुकानदार 2000 वॅटचा इन्व्हर्टर गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका. डब्यावर 2000 लिहिलं म्हणून गाडी 2000 वॅट देत नाही.

मग काय चालेल आणि काय नाही?

एलईडी दिवा 9 वॅट, साधा पंखा 75, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा तीसच्या आसपास, राउटर 10-12, 32 इंची टीव्ही पन्नासेक. हे सगळं एकत्र लावलं तरी दोनशेच्या पुढे फारसं जात नाही. फ्रिजचं वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

गीझर, इस्त्री, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि एसी विसरा. मिक्सर 500 ते 750 वॅटचा असतो. चटणीसाठी धोका पत्करण्यापेक्षा पाटा-वरवंटा बाहेर काढा.

विहिरीचा पंप?

कोकणात हा सगळ्यात कळीचा प्रश्न, कारण लाइटशिवाय महिना काढता येतो, पाण्याशिवाय दिवसही निघत नाही. पण उत्तर ‘नाही’ असंच आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरही चालू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कैक पट ओढते. इन्व्हर्टर ट्रिप होईल, किंवा मोटर गुरगुरत जागच्या जागी तापेल आणि वाइंडिंग जळेल. वादळाचा इशारा आला की टाकी, पिंपं, कळश्या सगळं भरून ठेवा. नंतर चार घरांनी मिळून भाड्याचा जनरेटर अर्धा तास आणा आणि टाक्या भरून घ्या. ते काम गाडीकडून करून घ्यायचं नाही.

फ्रिज चालेल का?

चालेल, पण कोणता फ्रिज ते बघा. 190 लिटरचा सिंगल डोअर चालू असताना 100-150 वॅट घेतो. कॉम्प्रेसर सुरू होताना मात्र क्षणभर पाच-सात पट ओढतो. 600 वॅटच्या इन्व्हर्टरवर काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे: फ्रिजमधून ‘टक्’ असा आवाज येतो, दिवे मंद होतात, इन्व्हर्टर किंचाळतो, आणि फ्रिज गप्प. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. असं चालू राहिलं तर लगेच प्लग काढा, नाहीतर कॉम्प्रेसर गमवाल. त्यासाठी क्षणिक लोड दुप्पट झेलणारा चांगल्या प्रतीचा 1000 वॅटचा इन्व्हर्टर घ्यावा आणि तरीही सततचा लोड सहाशेच्या आतच ठेवावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्याला हा त्रास फारसा होत नाही.

फ्रिज चोवीस तास चालवायचीही गरज नाही. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास आणि मधे दार बंद. मासळी फ्रीजरमध्ये असेल तर दार उघडून ‘बघूया किती विरघळली’ हा मोह आवरा.

इन्व्हर्टर गाडीला जोडायचा कसा?

हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पण तो काय करतोय ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगतो.

600 वॅट 12 व्होल्टवर काढायचे म्हणजे 55-60 अँपिअर. घराच्या मेन लाइनलाही एवढा करंट क्वचित असतो. म्हणून 12 व्होल्टची केबल जाड, तांब्याची, 25 स्क्वेअर एमएमची आणि आखूड, दीड मीटरच्या आत. पॉझिटिव्हवर फ्यूज हवाच, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज इन्व्हर्टरच्या टोकाला लावला तर मधली केबल बॉडीला घासून शॉर्ट झाली की आग लागते आणि फ्यूज बघत बसतो. निगेटिव्ह बॅटरीच्या टर्मिनलऐवजी बॉडीच्या अर्थ पॉइंटला द्या. इन्व्हर्टर गाडीजवळच ठेवा आणि लांबची वायर 230 व्होल्टची ओढा. उलट केलंत, म्हणजे इन्व्हर्टर घरात आणि 12 व्होल्टची वायर अंगणभर, तर निम्मी वीज वायर तापवण्यातच जाईल.

12 व्होल्टची बॅटरी काही मॉडेलांत बॉनेटखाली असते, काहींत डिकीत. डिकीत असेल तर बॉनेटखाली जंप स्टार्टसाठी एक टर्मिनल दिलेलं असतं. ते क्षणभराच्या कामासाठी आहे, तासन्‌तास साठ अँपिअर ओढायला नाही. जंपर केबलचे चिमटेही नकोत, ते हलतात आणि तापतात.

आणि नारिंगी रंगाच्या केबल्स. त्यांना हात लावायचा नाही, लावू द्यायचाही नाही. ती हायब्रिड बॅटरीची लाइन आहे. त्यात दोनशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतो आणि तो पकडला की सोडत नाही.

गाडी कोणत्या स्थितीत ठेवायची?

पॅनेलवर ‘रेडी’ दिसलं पाहिजे. ब्रेक दाबून बटण दाबायचं. नुसतं बटण दाबून एसीसी किंवा ऑनवर ठेवलंत तर मोठी बॅटरी जोडलीच जात नाही. सगळा लोड छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर येतो, ती लवकरच झोपते, आणि मग ऐन वादळात गाडीही सुरू होत नाही.

गिअर ‘पी’ मध्ये, हँडब्रेक ओढलेला. ‘एन’ मध्ये ठेवू नका, न्यूट्रलमध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. एसी, हेडलाइट, म्युझिक बंद. मागच्या सीटच्या आसपास बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर पिशव्या रचू नका. काही गाड्या बराच वेळ उभ्या राहिल्या की आपोआप बंद होतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल चाळून ठेवा आणि पहिल्यांदा वापर करताना लक्ष ठेवा.

पेट्रोल किती जाईल?

हे गणित एकदा नीट समजलं की बाकीचं सगळं तुमचं तुम्हालाच कळेल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन, जनरेटर, कन्व्हर्टर, इन्व्हर्टर असं सगळ्यांचं देणं देऊन हाती दीड-पावणेदोन युनिट राहतात. लिटरला शंभराच्या वर मोजतो, म्हणजे एक युनिट साठ-सत्तर रुपयांना पडलं. महावितरणचं बिल एरवी महाग वाटतं, ते अशा वेळी स्वस्त वाटायला लागतं.

त्यात पुन्हा गाडीचा स्वतःचा खर्च. तुम्ही एक दिवा लावा किंवा दहा, रेडीमध्ये असलेली गाडी दोन-अडीचशे वॅट स्वतःसाठी घेणारच. म्हणजे 250 वॅटचा लोड असेल तर गाडी तयार करते पाचशे, तासाला अंदाजे 0.3 लिटर. नुसता 20 वॅटचा दिवा रात्रभर लावलात तर तासाला जवळपास निम्मं पेट्रोल जाईल आणि उजेड मात्र 20 वॅटचाच पडेल.

म्हणून गाडी चालू केलीच आहे तर कामं एकदम उरकून घ्या: फ्रिज, सगळे मोबाइल, पॉवर बँका, घरचा इन्व्हर्टर. मग गाडी बंद. हायरायडरची टाकी 45 लिटरची आहे. त्यातलं निम्मं पेट्रोल हाताशी ठेवून दिवसाला अडीच-तीन लिटर वापरलंत तर आठवडा निघतो. निम्मं ठेवायचंच, कारण वीज नसली की पंपावरची यंत्रंही जनरेटरच्या भरवशावर असतात, आणि दवाखान्यात जायची वेळ विचारून येत नाही.

घरी आधीच इन्व्हर्टर आहे. तो गाडीवर चार्ज करता येईल?

माझ्या मते हाच सगळ्यात चांगला उपयोग. 150 एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, त्यातलं एक-सव्वा युनिट रात्री वापरलं तर दोन-तीन पंखे आणि दिवे सकाळपर्यंत जातात. तिचा चार्जर भिंतीतून दोन-अडीचशे वॅटच घेतो, गाडीला ते झेपतं. दिवसा सात-आठ तास गाडीवर चार्ज करा, रात्री गाडी बंद आणि घर इन्व्हर्टरवर. झोप शांत लागते, पेट्रोल मोजून जातं, चालू गाडीवर रात्रभर पहारा ठेवावा लागत नाही.

एक बारकावा मात्र महत्त्वाचा. घरचा इन्व्हर्टर प्लगमध्ये वीज आली की बॅटरी चार्ज करतो आणि तीच वीज पुढे घरातही सोडतो. शिवाय आपल्याकडच्या वायरिंगमध्ये इन्व्हर्टरचा न्यूट्रल बहुधा घराच्या न्यूट्रलशी एकच असतो. गाडीवरच्या इन्व्हर्टरला असा न्यूट्रल जोडलेला चालेलच असं नाही, काही तत्काळ जळतात. म्हणून चार्ज करताना घरच्या इन्व्हर्टरची घराकडे जाणारी वायर काढून ठेवा आणि त्याची इनपुटची पिन थेट गाडीकडून आलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात घाला. दिवसाउजेडी दिवे लागत नाहीत, त्यामुळे अडत नाही. गाडीकडचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच हवा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर घरच्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला आणि तापायला लागतो.

दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच. जंपर केबलने थेट जोडल्या तर?

नको. उतरलेली 150 एएचची बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि त्यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमधून सगळ्या घराला वीज दिली तर?

गावोगावी एखादा हुशार हे करतो आणि फुशारकीने सांगतो. समजा मेन स्विच बंद करायचा राहिला. तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीपर्यंत पोचते, आणि ट्रान्सफॉर्मर तिला उलट्या दिशेने चढवतो. एरवी तो 11,000 व्होल्टचे आपल्या कामाचे व्होल्ट करतो, आता तुमच्या 230 चे तो हजारो करतो. छोटा इन्व्हर्टर बहुतेक वेळा ट्रिप होईल, पण खांबावर तार जोडत असलेल्या माणसाने त्या ‘बहुतेक’वर का विसंबायचं? वादळानंतर चार दिवस न झोपता तुमची लाइन ओढायला आलेला वायरमन तो. वर, त्या वायरचं उघडं टोक जिवंत असतं आणि घरात पोरं फिरत असतात.

घराच्या वायरिंगमध्येच वीज द्यायची असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. एका वेळी एकच बाजू, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटलेले. 600 वॅटसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक्स्टेन्शन बोर्ड घरात आणणं सोपं, असं माझं मत.

गॅरेजमध्ये ठेवून चालवली तर?

अजिबात नाही. शटर अर्धं उघडं ठेवून नाही, बेसमेंटमध्ये नाही, खिडकीखाली नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. साध्या गाडीचं इंजिन चालू आहे हे आवाजावरून तरी कळतं. हायब्रिड बराच वेळ गप्प असते, आपण विसरतो, आणि ती आपलं आपण इंजिन सुरू करते. गाडी उघड्यावर, सायलेन्सर घरापासून उलट्या दिशेला, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन. चालू गाडीत काचा लावून झोपायचंही नाही.

भर पावसात काय करायचं?

गाडी भिजली तरी चालते, इन्व्हर्टर आणि बोर्डाची जोडणी भिजता कामा नये. इन्व्हर्टर गाडीच्या आत, हवा खेळेल असा. वायर खिडकीच्या फटीतून काढताना तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी वायरवरून आत न येता झोलावरून खाली गळेल. बोर्ड जमिनीवर नको, टांगलेला हवा. अंगणात पाणी चढायला लागलं तर हे सगळं गुंडाळा आणि गाडी उंचावर न्या. 22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी किती झपाट्याने चढलं ते आठवा.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे.

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर 300-350 वॅट घेतो, गाडीला झेपतो. झोपेत लावायचं सीपॅप तर पन्नासेक वॅटचंच. पण ज्यावर श्वास चालतो ते फक्त गाडीच्या भरवशावर ठेवू नका. भरलेला सिलिंडर शेजारी हवा, आणि रुग्णाला लवकर हलवायचा निर्णय पेट्रोल संपायच्या आधी घ्यायचा. वीज गेल्याची तक्रार 1912 वर नोंदवताना घरात असा रुग्ण आहे हे सांगा.

वॉरंटी जाईल का?

12 व्होल्टच्या सॉकेटवर छोटा इन्व्हर्टर लावला तर प्रश्न येत नाही. बॅटरीवरून कायमची केबल काढली आणि पुढे इलेक्ट्रिकलमध्ये काही बिघडलं तर सर्व्हिस सेंटर बोट तिकडेच दाखवणार. हायब्रिड बॅटरीवर टोयोटा आणि मारुती 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात, ती पणाला लावायची का ते ज्याचं त्याने ठरवावं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

मग ही सोय तुमच्यासाठी नाही. पार्किंगमधून चौथ्या मजल्यापर्यंत वायर सोडायला सोसायटी परवानगी देणार नाही, देऊही नये. पॉवर बँका गाडीत चार्ज करून वर न्या. पुण्यातल्या गुरुवारच्या शटडाउनला एवढं पुरतं.

ह्यूस्टनचा भाऊ म्हणतो, त्याच्या गाडीला सॉकेट आहे आणि अख्खं घर चालतं. आपल्याकडे का नाही?

तो खोटं बोलत नाही. फोर्डच्या एफ-150 हायब्रिड ट्रकमध्ये कंपनीच 2.4 किलोवॅटची सॉकेट देते, जास्त पैसे मोजले तर 7.2 किलोवॅटची. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सस गोठलं तेव्हा आणि जुलै 2024 मध्ये बेरिल वादळाने ह्यूस्टनची वीज घालवली तेव्हाही तिथे असे ट्रक होते. जपानमध्ये तर टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडला 1500 वॅटचं सॉकेट फार आधीपासून होतं. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर त्याची किंमत सगळ्यांना कळली आणि इतर हायब्रिड गाड्यांतही ते येऊ लागलं. ही वीज थेट मोठ्या बॅटरीच्या बाजूने येते, 12 व्होल्टच्या चिंचोळ्या वाटेने नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक सनरूफ मागतं, कंपन्या सनरूफ देतात. शोरूममध्ये चार जणांनी सॉकेट मागायला सुरुवात केली तर काय सांगावं.

मग यासाठी हायब्रिड गाडी घ्यावी का?

नाही. गाडी मायलेजसाठी घ्या. नुसत्या बॅकअपसाठी घरचा इन्व्हर्टर आणि छतावर एक-दोन सोलर पॅनेल हे कितीतरी स्वस्त पडतं. पाण्याच्या पंपासाठी छोटा जनरेटरच योग्य.

आणि इलेक्ट्रिक गाडी?

काही इलेक्ट्रिक गाड्यांत बाहेर वीज द्यायची सोय कंपनीचीच असते. आयोनिक 5 मध्ये ती आहे. 2023 च्या नव्या नेक्सॉन ईव्हीमध्ये 3.3 केव्हीएपर्यंत आहे. धूर नाही, आवाज नाही, आणि बॅटरी हायब्रिडच्या कित्येक पट मोठी. पंप आणि मिक्सरसुद्धा चालू शकतात. अडचण एकच: ती संपली की भरायला वीजच लागते. शहरात, सहा-आठ तासांच्या खंडासाठी इलेक्ट्रिक सरस. तीन आठवडे लाइट न येणाऱ्या गावात कॅनमध्ये पेट्रोल आणता येतं.

लाइट परत आली की आधी काय काढायचं?

आधी घरातली उपकरणं बंद करा, मग इन्व्हर्टर, मग गाडी. फ्रिज लगेच भिंतीत लावू नका. वादळानंतर पहिल्यांदा येणारी लाइट बऱ्याचदा दोन-तीनदा येते-जाते आणि व्होल्टेज वरखाली होतं. अर्धा तास दिवा स्थिर राहिला की मग फ्रिज, आणि त्यानंतर घरच्या इन्व्हर्टरची काढलेली वायर पुन्हा जोडा.